धुरपताबाईंच्या शेळ्यांचा पत्ता

लोहा तालुक्यातल्या एका गावात, मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी सकाळी, धुरपताबाईंच्या पाच शेळ्या जागेवर आढळल्या नाहीत.

पाहणी मी केली. अंगणात खुंटी होती, खुंटीला दोर नव्हता. लेंड्या नव्हत्या. शेळ्या चरायला गेल्या असत्या, तर लेंड्या तरी मागे राहिल्या असत्या. धुरपताबाई ओट्यावर डावा पाय लांब करून तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. शेजारी काठी होती.

"शेळ्या कुठे आहेत, मावशी?"

"हायत की."

"कुठे?"

"चांगल्या हायत. एक गाभण हाय."

"मला बघायच्या आहेत."

"बगा की. न्हाई कोण म्हणतंय?"

एवढं बोलून त्यांनी मूठभर ओले दाणे माझ्यापुढे केले. मी ते घेतले. नियमात लाभार्थ्याकडून काही घेऊ नये असं आहे. दाण्यांचा उल्लेख नाही.

माझं काम पडताळणीचं होतं. बचत गटातल्या बाईला धंद्यासाठी बँक कर्ज देते आणि त्यातला काही भाग सरकार अनुदान म्हणून भरतं. मात्र अनुदान आधी मिळत नाही. आधी कर्जातून वस्तू घ्यायची, ती सांभाळायची, मग कोणीतरी जाऊन ती खरोखर आहे का हे पाहायचं. ‘आहे’ असा अहवाल गेला की अनुदानाची रक्कम कर्जखात्यात वळती होते. ‘नाही’ असा गेला तर सगळं कर्ज बाईच्या अंगावर. पाहायला जाणारा तो कोणीतरी म्हणजे मी. सरकारने हे काम एका खासगी संस्थेला दिलं होतं आणि संस्थेने ते मला दिलं होतं. आधी हिमायतनगर, मग अर्धापूर आणि शेवटी लोहा, असे तालुके माझ्याकडे होते.

त्याआधी मी नांदेडच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. ते दैनिक बंद पडलं. तिथले वृत्तसंपादक नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत: पाहिलं असेल ते लिहा, ऐकलं असेल तर कोणाकडून ऐकलं ते लिहा, नुसतं वाटलं असेल तर घरी जाऊन बायकोला सांगा. पडताळणीच्या कामाला एवढं शिक्षण पुरलं.

संस्थेने मोबाइलमध्ये एक ॲप दिलं होतं. त्यात वस्तूचा फोटो काढायचा. फोटो कुठे काढला ते ॲपला आपोआप कळत असे. मग दोन पर्यायांपैकी एकावर बोट ठेवायचं: ‘वस्तू जागेवर आहे’ किंवा ‘वस्तू जागेवर नाही’. खाली शेऱ्यासाठी दोन ओळींचा चौकोन. तो शेरा कोणी वाचत होतं की नाही, याची खात्री मला निवृत्तीपर्यंत झाली नाही.

अर्धापूर तालुक्यात मी एक शिलाई मशीन एकाच दिवशी तीन गावांत पाहिलं. पायपट्टीला हिरवा रंग लागलेला होता, त्यावरून ओळखलं. पहिल्या गावात चहा झाला, फोटो झाला. मी उठलो तर बाई म्हणाल्या, "बसा की सर, आणिक एक कप घ्या." दुसरा कपही मोठा होता. दुसऱ्या गावात पोचलो तेव्हा मशीन तिथे होतं आणि मोटारसायकलवाला ओट्यावर घाम पुसत होता. तिसऱ्या गावात मी विचारलं, तेव्हा तिथल्या बाईंनी लपवाछपवी केली नाही. "मशीन एकच चांगलं चालतंय सर. बाकीचे दोन कामून पाठवले काय की, सुई बसंना." नादुरुस्त मशिनं दोन्ही गावांत आपापल्या घरी पोत्याखाली होती. ती पाहिली आणि त्यांचेच फोटो काढले. दोन्ही जागेवर होती.

हिमायतनगरकडे एक पिठाची गिरणी होती. घरात वीज नव्हती, कारण गावची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळून बरेच महिने झाले होते. गिरणीवर गोधड्यांची घडी आणि त्यावर लेकीच्या लग्नाचा आहेर रचून ठेवला होता. बाईंनी आहेर उतरवला, गिरणी पुसली, मी फोटो काढला, त्यांनी आहेर परत रचला. गिरणी जागेवर होती. अनुदान वेळेत मिळालं.

अशा कामाची सवय झालेल्या माणसाला धुरपताबाईंची खुंटी पाहून शेळ्या विकल्या असणार असं वाटणं साहजिक होतं. वाटलेलं लिहायचं नव्हतं म्हणून मी गटाच्या अध्यक्षा प्रयागबाई यांच्याकडे गेलो. त्या दारात मिरच्या निवडत होत्या.

"धुरपताबाईंच्या शेळ्या विकल्या का?"

"कोण म्हणलं?"

"कोणी नाही. दिसल्या नाहीत."

"तिचा पाय कुठं धड हाय शेळ्यामागं फिरायला? हापशीवर पडली, खुबा मोडला. अर्धलीनं दिल्यात."

अर्धली म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. ज्याच्याकडे जनावर आहे पण सांभाळायला माणूस नाही, तो ते दुसऱ्याला सांभाळायला देतो. चारापाणी सांभाळणाऱ्याचं, दूधही त्याचं. पिल्लं झाली की निम्मी याची, निम्मी त्याची. मूळ जनावर मालकाचंच. कागद होत नाही, चार माणसांत बोली होते आणि ती सहसा मोडत नाही. आमच्या भागात हे इतकं नेहमीचं आहे की अर्धलीने दिलेली शेळी घरातून गेली असं कोणी मानत नाही. ती आपलीच, फक्त दुसऱ्याच्या दारात बांधलेली. त्यामुळे शेळ्या आहेत का, या प्रश्नाला धुरपताबाईंनी ‘हायत’ म्हटलं ते त्यांच्या दृष्टीने पूर्ण उत्तर होतं.

पाच शेळ्या पाच घरी होत्या. त्या पाचही बायका गटात नव्हत्या. सत्यभामाबाईंचं दुसऱ्या एका कंपनीच्या आठवडी कर्जात नाव खराब झालं होतं, दोघींची कागदपत्रं अपुरी होती, एकीच्या नवऱ्याने अंगठा द्यायला मनाई केली होती. पाचवी कोंडाबाई. ती दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाते आणि उन्हाळ्यात परत येते; मासिक बैठकीला निम्मं वर्ष गैरहजर राहणाऱ्या बाईला गट कर्ज देत नाही. थोडक्यात, ज्या बायकांपर्यंत योजना पोचू शकत नव्हती त्यांच्यापर्यंत शेळ्या पोचल्या होत्या.

योजनेचा नियम वेगळा होता. लाभार्थ्याने वस्तू स्वतःच्या ताब्यात ठेवावी, त्रयस्थाकडे सोपवू नये. मी नांदेडला आमचे जिल्हा व्यवस्थापक कदम साहेब यांना फोन केला.

"शेळ्या आहेत, पण पाच घरी आहेत."

"मग जागेवर नाहीत."

"जागेवर म्हणजे नेमकं कुठे?"

"लाभार्थ्याच्या दारात."

"शेळी दारात बसून राहत नाही, साहेब."

"फोटोपुरती राहते. मार्चअखेरपर्यंत पाचही एका फोटोत आणा, कानातले बिल्ले दिसू द्या. नाही आल्या तर प्रकरण रद्द."

रद्द म्हणजे काय होईल, हे मी धुरपताबाईंना त्या दिवशी सांगितलं. अनुदान येणार नाही. पूर्ण कर्ज त्यांनाच फेडावं लागेल. निराधार योजनेच्या पैशावर त्यांचं घर चालत होतं. गावात त्या पैशाला ‘पगार’ म्हणतात. पगारातून हप्ते जाणार नव्हते. म्हणजे पाच घरांतून पाच शेळ्या सोडून बाजारात न्याव्या लागणार होत्या. शिवाय एका सभासदाचं प्रकरण अडलं की गटाचं पुढचं कर्ज थांबतं. गटाला हळद शिजवायचा कुकर घेऊन भाड्याने द्यायचा होता.

"म्हंजी पाची इकाव्या लागतेत?" धुरपताबाईंनी विचारलं.

"हो."

"कोंडीची बी?"

"हो."

त्यांनी तुरीची टरफलं काठीने एका बाजूला केली.

चार शेळ्या गावातच होत्या. संक्रांतीनंतर एक दिवस ठरवून त्या धुरपताबाईंच्या अंगणात आणल्या. पाचवीचं नंतर पाहू, निदान या चार शेळ्यांची नोंद करून ठेवू, असा विचार होता. त्यात एक अडचण आली. शेळ्यांना अंगण ओळखीचं नव्हतं आणि धुरपताबाईही ओळखीच्या नव्हत्या. ज्या बायका त्यांना रोज पाला घालत, त्यांच्या पाठी त्या उभ्या राहिल्या. फोटोत लाभार्थ्याशिवाय कोणी चालत नाही, म्हणून मी चौघींना बाजूला व्हायला सांगितलं. चौघी बाजूला झाल्या. शेळ्याही बाजूला झाल्या.

"तुम्ही घरात जाऊन बसा गं," प्रयागबाई म्हणाल्या.

चौघी धुरपताबाईंच्या घरात जाऊन बसल्या. शेळ्या दाराशी गोळा झाल्या आणि आत पाहत ओरडू लागल्या.

"सत्यभामे, तुझी लई वरडती. तोंडाला पदर लाव, तुला बगून वरडायली."

आतून सत्यभामाबाई म्हणाल्या, "तिला वासावरनं कळतंय. पदर लावून काय व्हतंय?"

फोटो निघाला तो असा: धुरपताबाई काठी धरून समोर पाहत आहेत आणि त्यांच्या मागे चार शेळ्यांच्या पाठी. कान दिसत नव्हते. ॲपने फोटो परत पाठवला. कारण छापील होतं: ‘चेहरा स्पष्ट नाही’. कोणाचा ते लिहिलेलं नव्हतं.

पाचवी शेळी लातूर जिल्ह्यात होती. कोंडाबाई टोळीबरोबर गेली तेव्हा शेळी गाभण होती आणि ती तिने बरोबर नेली होती. मी एका रविवारी गेलो, स्वखर्चाने. संस्थेचा प्रवासभत्ता तालुक्याच्या हद्दीत संपत असे. कारखान्याच्या मागे माळावर टोळ्यांच्या कोप्या होत्या. कोपी म्हणजे बांबू, पाचट आणि वर प्लास्टिक टाकून केलेलं खोपटं. दिवसा वस्तीवर माणूस कमी असतो, सगळे उसाच्या फडात. कोंडाबाईची कोपी शोधायला वेळ लागला नाही, कारण तेवढ्याच एका कोपीपुढे शेळी होती. जवळ दोन पिल्लं, एक नर, एक मादी. कोपीच्या एका मेढीला शेळी दोराने बांधलेली होती. दुसऱ्या मेढीला साधारण वर्षाची एक मुलगी ओढणीने बांधलेली होती. दोर आणि ओढणी यांची लांबी सारखी होती.

मी शेळीचा कान धरून बिल्ल्यावरचा नंबर जुळवत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"ओ, कान सोडा तिचा."

कोंडाबाई डोक्यावर उसाच्या वाढ्यांचा, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याचा, भारा घेऊन उभी होती. वय फार तर पंचविशीतलं.

"नंबर बघतोय. मी लोह्याहून आलोय, धुरपताबाईंच्या गावाहून."

"शेळी न्यायला आलात ना?"

"बघायला आलोय."

"बगून मंग नेतेतच." तिने भारा टाकला आणि शेळी आणि माझ्यामध्ये येऊन उभी राहिली. "बोली झाली हाय आमची. पहिल्या वेताचं एक मावशीचं, एक माझं. मादी त्यायची, नर माझा. दूध माझं. इचारा मावशीला."

"विचारलंय. त्याही हेच म्हणाल्या."

"मंग?"

मी फोटोचं सांगितलं. मार्चअखेरचं सांगितलं. शेळी एक दिवस लोह्याला आली तरी चालेल, असंही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मुलीला सोडून कडेवर घेतलं.

"मला अंगावर दूध न्हाई. ही शेळीवर हाय. एक दिवस म्हणून नेली अन् तिकडंच ठिवली, तर हिला काय पाजू? चहा?"

"पट्टा कधी पडेल?" म्हणजे कारखान्याचा हंगाम कधी संपेल, असं मी विचारलं.

"ऊस लई उभा हाय. मुकादम म्हणतो पाडव्याच्या म्होरं जातंय."

पाडवा त्या वर्षी मार्चनंतर होता.

"एवढी फिकीर हाय शेळीची," ती म्हणाली, "तर मावशीलाच म्हणावं इथं येऊन बस. शेळी बी तिच्या डोळ्याम्होरं राहील, अन् ह्या पोरीला बगायला माणूस बी व्हईल. बांधून ठिवायची पाळी येणार न्हाई."

ती हे टोमणा म्हणून बोलली होती. मी ते शब्द होते तसे लक्षात ठेवले.

पुढच्या बैठकीत प्रकरण तापलं. गटाच्या दहाही बायका हजर होत्या. धुरपताबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. प्रयागबाईंनी सुरुवात केली.

"तुझ्या एका शेळीपायी धा बायका अडकून राहिल्यात. हळद काढायला आली. कुकर कव्हा घ्यायचा, हळद सडल्यावर?"

"मंग चारच लिहा," धुरपताबाई माझ्याकडे पाहत म्हणाल्या. "एक मेली म्हणून लिहा."

"मेलेली मी पाहिली नाही," मी म्हणालो. "जिवंत पाहून आलोय. पिल्लं पण आहेत."

"कोंडीला फोन लाव. शेळी टेम्पोत टाक म्हणावं," प्रयागबाई म्हणाल्या.

"अन् पोरगी?" धुरपताबाई म्हणाल्या.

"एक दिवस ऱ्हाईल चहावर."

"तुझी राहिलती का, प्रयागे?"

मग मी कोंडाबाईचा निरोप सांगितला, तिच्याच शब्दांत, टोमण्यासकट. बायका हसल्या. धुरपताबाई हसल्या नाहीत.

"पोरगी बांधलेली हाय?" त्यांनी विचारलं.

"मी गेलो तेव्हा होती."

"कशानं?"

"ओढणीने."

"तिथं पगार निघतो का?"

"अंगठा कुठेही चालतो. बँकेचा माणूस असला की झालं."

"मंग जाते."

"खुब्यात दम न्हाई अन् ऊसतोडीला निघाली," कोणीतरी म्हणालं.

"कोयता घेऊन जा गं."

धुरपताबाईंनी कोयता नेला नाही. एक बोचकं, काठी आणि तुरीची डाळ घेऊन त्या एसटीने, बायकांच्या अर्ध्या तिकिटात, अहमदपूरमार्गे लातूरला गेल्या. तिथून पुढे न्यायला कोंडाबाईचा नवरा आला होता. फोटोचा विषय जाताना त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही, कारण फोटोचा प्रश्न त्यांच्या जाण्याने सुटत नव्हता. लाभार्थी लातूरला, एक शेळी लातूरला, चार शेळ्या लोह्यात, आणि जागा म्हणून ॲपमध्ये नोंदलेलं रिकामं अंगण. आधी पाच शेळ्या जागेवर नव्हत्या. आता मालकीणही नव्हती.

ॲपमध्ये पत्त्याच्या रकान्याखाली एक पर्याय होता: ‘कामानिमित्त स्थलांतरित’. वीटभट्टी आणि ऊसतोडीवरच्या बायकांसाठी कोणीतरी तो मुंबईत बसून केला असावा. आमच्या तालुक्यात तो कधी वापरला गेला नव्हता, कारण स्थलांतरित बायकांना मुळात कर्जच मिळत नव्हतं. तो वापरू का, असं मी कदम साहेबांना विचारलं.

"राहते का ती तिथे खरंच?" साहेब म्हणाले.

"राहते. सरपंचांचं पत्र घेतलंय."

"कशासाठी गेली? ऊस तोडते?"

"पोर सांभाळते."

"तेही कामच आहे. मग बदला पत्ता. पण पत्ता बदलला की सगळ्या वस्तू नव्या पत्त्यावर दिसल्या पाहिजेत."

"म्हणजे चार शेळ्या लातूरला न्यायच्या?"

"न्या असं मी म्हणत नाही. दिसल्या पाहिजेत म्हणतो."

"आणि नंतर परत आणल्या तर?"

"परत आणल्याची पडताळणी नसते."

टेम्पोचं भाडं गटाच्या दंडाच्या पेटीतून दिलं. बैठकीला उशीर करणाऱ्या सभासदाकडून गट दंड घेतो. त्या पेटीतला मोठा वाटा प्रयागबाईंचा होता, हे त्यांनीच टेम्पोत सांगितलं. शेळ्यांबरोबर त्यांना सांभाळणाऱ्या चौघीही आल्या, कारण त्या खाली उभ्या असेपर्यंत एकही शेळी टेम्पोत चढेना. भाकरी, ठेचा आणि शेळ्यांसाठी बाभळीचा पाला बरोबर होता. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो.

अहमदपूरच्या अलीकडे एका पोलिसाने टेम्पो थांबवला. मागे डोकावून पाहिलं.

"एवढ्या बाया अन् चार शेळ्या? कंदुरी हाय का कुठं, नवसाचं बकरं कापायची?"

"फोटू काढायला चाललाव," प्रयागबाई म्हणाल्या.

"कुणाचा?"

"शेळ्यायचा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी ओळखपत्र दाखवलं. ते त्याने दोन्ही बाजूंनी वाचलं आणि टेम्पो सोडला.

कोप्यांपुढे टेम्पो थांबला तेव्हा टोळी जेवणाच्या सुटीत परतली होती. धुरपताबाई कोपीच्या सावलीत बसल्या होत्या. मुलगी त्यांच्या मांडीवर होती. दुसरी मेढ मोकळी होती. चार शेळ्या उतरताना पाहून कोंडाबाई म्हणाली, "मावशे, ह्या बी मलाच सांभाळाय लावती का काय?"

"गप. फोटू काढून चालल्या."

"जेवून तर जातेत का न्हाई?" असं म्हणून तिने वाढे टाकले. शेळ्या जेवल्या.

गेल्या वेळचा अनुभव प्रयागबाईंच्या लक्षात होता. त्यांनी चौघींना कोपीत न बसवता माझ्या मागे उभं केलं, खांद्याला खांदा लावून, आणि कोंडाबाईला मध्ये घेतलं. "हालायचं न्हाई. ज्याच्या त्याच्या शेळीकडं बगा." मी मोबाइल वर केला. पाचही शेळ्या मान वर करून माझ्याकडे, म्हणजे माझ्या मागे पाहत होत्या. कान ताठ, पिवळे बिल्ले स्पष्ट. एवढा व्यवस्थित फोटो मी माझ्या कारकिर्दीत काढलेला नाही.

ॲपने तो घेतला नाही. ‘फ्रेममध्ये एकच चेहरा असावा.’ दुसरा चेहरा मुलीचा होता.

"पोरीला घे गं कोंडे."

कोंडाबाईने उचलली तर मुलगी धुरपताबाईंच्या लुगड्याचा काठ सोडेना. ओढून पाहिलं, ती रडली, शेळ्या विचलित झाल्या. सत्यभामाबाईंची शेळी निघून वाढ्यांकडे गेली आणि परत आणावी लागली. टोळीतली माणसं भोवती जमली. मुकादमाने फड थांबलाय म्हणून दोनदा आवाज दिला. शेवटी धुरपताबाईंनी मुलीला परत मांडीवर घेतलं आणि तिच्यावर पदर टाकला.

"आता घ्या. किती चेहरे दिसतेत ते इचारा तुमच्या मोबाइलाला."

मोबाइलला एक दिसला. मी ‘वस्तू जागेवर आहे’ यावर बोट ठेवलं. शेऱ्याच्या चौकोनात लिहिलं: ‘शेळ्या पाच, पिल्ले दोन. बिल्ले जुळतात. लाभार्थी हजर. चार शेळ्या लोह्याहून फोटोसाठी आणल्या, संध्याकाळी परत जातील.’ पाहिलं ते लिहिलं होतं.

संध्याकाळी चार शेळ्या, चौघी आणि प्रयागबाई परत निघाल्या. धुरपताबाई राहिल्या. पाचवी शेळी राहिली.

आठवड्याभरात कदम साहेबांचा फोन आला. मला शेऱ्याबद्दल विचारणा अपेक्षित होती.

"फोटो फार चांगला आलाय हो. सगळ्या शेळ्या कॅमेऱ्याकडे बघतात. दुसऱ्या तालुक्यांना नमुना म्हणून पाठवतोय."

"शेरा वाचला का?"

"फोटो असताना शेरा कशाला?"

अनुदान मार्च संपायच्या आत जमा झालं. गटाला कुकर मिळाला. त्या वर्षीची निम्मी हळद तोवर शिजून गेली होती, उरलेल्या निम्म्यावर भाडं मिळालं. पट्टा पाडव्यानंतर पडला. धुरपताबाई, कोंडाबाई, मुलगी, शेळी आणि दोन पिल्लं टोळीच्या ट्रकमधून गावी आली. मादी धुरपताबाईंची झाली, नर कोंडाबाईचा, बोलीप्रमाणे.

तो नमुन्याचा फोटो पुढे मी नांदेडच्या एका प्रशिक्षणात पडद्यावर पाहिला. प्रशिक्षक सांगत होते की लाभार्थ्याने शेळ्यांना माया लावली की शेळ्या अशा शांत उभ्या राहतात. पदराखालच्या गाठोड्याबद्दल कोणी विचारलं नाही. हिमायतनगर आणि अर्धापूरला ज्या जनावरांपुढे मी ‘जागेवर नाही’ लिहिलं, त्यांतली किती अर्धलीने दिलेली होती, हे आता तपासता येणार नाही. त्या वेळी तो प्रश्न विचारायची पद्धत नव्हती.

त्यानंतर काही काळाने मी निवृत्त झालो. यंदा गणपतीनंतर लोह्याला एका लग्नाचं बोलणं करायला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून त्या गावात गेलो. धुरपताबाई ओट्यावर होत्या. पाय तसाच आहे. कोंडाबाईची मुलगी अंगणवाडीत जाते. टोळी गेली की ती धुरपताबाईंकडे राहते. कोंडाबाईने आपल्या वाट्याचे बोकड विकून स्वतःची एक शेळी घेतली आहे. ऊसतोडीला दोन नेता येत नाहीत, म्हणून ती तिने सत्यभामाबाईंना अर्धलीने दिली आहे.

धुरपताबाईंच्या शेळ्या आता नऊ झाल्या आहेत. त्यांपैकी एकही जागेवर नाही.